घरच्या ब्रॉयलर कोंबड्या विकायच्यात (सोलापूर) – खर्च, टॅक्स, परवाना, कुणी नीट सांगेल का?

सई_मंद्रूप
नमस्कार मंडळी. मी मंद्रूपजवळ राहते, दक्षिण सोलापूर. घरामागं दहा बाय पंचवीसचं पत्र्याचं शेड रिकामं पडलंय, आधी शेळ्या होत्या त्यात. बचत गटातून कर्ज मिळतंय तर 200 ब्रॉयलर टाकावेत म्हणते, म्हणजे धुळवडीला बरोबर तयार होतील. घरगुती गिऱ्हाईक आहे, मिस्टर झेडपी शाळेत शिक्षक आहेत त्यांच्या स्टाफमधलेच निम्मे लोक विचारायलेत. पण ज्याला विचारावं तो वेगळंच सांगतो. भाऊजी म्हणतात जीएसटी लागणार, शेजारचे म्हणतात फूडचं लायसन नसेल तर उचलून नेतील, आणि गटातली एक बाई म्हणते सरकारनं पोल्ट्रीला शेतीचा दर्जा दिलाय आता कसलाच टॅक्स नाही, बिनधास्त कर. खरं काय समजायचं? आणि मुळात 200 मध्ये काय उरतं का हो, का नुसता उकिरडा उपसायचा?

बाळूअण्णा_मोहोळ
ताई टॅक्स लागाया आधी नफा व्हावा लागतो 😄 आधी हिशोब बघा. दर रोज बदलतात म्हणून मी आपला अंदाजाचा आकडा धरतो, तुम्ही त्या दिवशीचा टाका.

पिल्लू 38 धरा, थोडी घेतली की महागच पडतं, 200 चे 7600. खाद्य, ब्रॉयलर पावणेचार-एक किलो खाद्य खाऊन दोन सव्वादोन किलोचा होतो, 200 ला 50 किलोच्या 14 पोती लागतील, प्री-स्टार्टर 2, स्टार्टर 5, फिनिशर 7. पोतं सरासरी 2100 ला धरलं तर 29,400. लस, औषध, लिव्हर टॉनिक मिळून 800. भाताचं तूस 600. लाइटबिल, बल्ब 900. झाले 39,300. आता 200 तली 10 मरतात असं धरा, कमी मेली तर देवाची कृपा. राहिली 190, गुणिले 2 किलो 100 ग्रॅम म्हणजे 399 किलो. किलोला साडेअठ्ठ्याण्णव रुपये खर्च आला, तुमची मजुरी आन शेडचं भाडं न धरता.

ट्रेडरला 95 नं दिलं तर घरातले 1400 गेले. दारात 140 नं जिवंत इकलं तर साडेसोळा हजार उरतात. सगळा खेळ ह्यातच हाय. 200 पक्ष्यात ट्रेडरच्या रेटवर कुणाचंच पोट भरत न्हाई, दारात इकायचं असंल तरच टाका.

सई_मंद्रूप
अण्णा खाद्यालाच तीस हजार?? मी तर निम्मं घरची मका भरडून घालू म्हणत होते.

बाळूअण्णा_मोहोळ
मका घालून ब्रॉयलर 42 दिवसात दोन किलोचा होत न्हाई ताई, दोन महिनं लागतील आन तवर मका पण तेवढीच जाईल. त्याला प्रोटीन पायजे, सोयापेंड पायजे. घरची मका घालायची असंल तर कलर पक्षी घ्या, सोनाली, डीपी, गिरीराज. ते परसात फिरून पण खातात, फक्त तीन महिनं धीर धरावा लागतो.

दुकानदार_सातरस्ता
चिकनचं दुकान आहे माझं, वीस वर्षं झाली, म्हणून दोन शब्द. अण्णांचा हिशोब बरोबर पण एक गोष्ट राहिली. 190 पक्षी एका दिवशी विकत नसतात. धुळवडीला समजा 90 जातील, बाकीचे 100 शेडमध्ये बसून रोज एकेक पक्षी पावणेदोनशे-दोनशे ग्रॅम खातो म्हणजे दिवसाला आठशे रुपयाचं खाद्य. वजन वाढतं हे खरं पण घरगुती गिऱ्हाईकाला दीड-दोन किलोची लागते, तीन किलोची दाखवली की "एवढी कोण खाणार" म्हणून परत जातो. आणि जड पक्षी उन्हात पटकन जातो. धुळवडीनंतर आपल्याकडं ऊन कसं पडतं सांगायला नको.

त्यामुळं पिल्लं आणायच्या आधीच वहीत नावं लिहून घ्या, शंभर शंभर रुपये ॲडव्हान्स घ्या. पैसे दिलेला माणूस येतो, "बघू की" म्हणणारा येत नाही. आणि वर्षाचं कॅलेंडर डोक्यात ठेवा. आषाढात माणूस रांगेत उभा राहतो, श्रावण लागला की दुकानात माशा मारत बसायचं. नवरात्र तसंच, मार्गशीर्षात गुरुवार गेला. श्रावणात तयार होणारी बॅच टाकायचीच नाही असं माझं सरळ मत आहे.

जुळे_सोलापूरची_निशा
मी फक्त खाणारी, पण विचारते. घरच्या कोंबडीचा रेट दुकानापेक्षा जास्त का असतो? आम्ही एकदा होटगी रोडला एकाकडून "घरची गावरान" म्हणून आणली, कुकरला तीन शिट्ट्यात हाडापासून सुटून आली.

दुकानदार_सातरस्ता
ताई ती गावरान नव्हतीच 😂 गावरान तीन शिट्ट्यात हलत पण नाही.

सई_मंद्रूप
मी ब्रॉयलर म्हणूनच विकणारे बरं का, नाव बदलून नाही.

हिशोबनीस
टॅक्सचं मी लिहितो, लोकांचे रिटर्न भरायचं काम करतो सोलापुरात. जरा लांब होईल, वाचून घ्या.

आधी जीएसटी. जिवंत कोंबडी, पिल्लं, टरफलातली अंडी, ताजं किंवा थंड केलेलं मटण-चिकन, आणि कोंबडीखाद्य, ह्या सगळ्यावर जीएसटी शून्य आहे. जो माणूस फक्त करमुक्त मालच विकतो त्याला जीएसटी नोंदणी लागतच नाही, मग उलाढाल कितीही असो. भाऊजींना सांगा काळजी मिटली. मात्र तेच चिकन फ्रोजन करून, लेबल लावून पाकिटातून विकलं तर 5 टक्के लागतो, जुलै 2022 पासून. मसाला लावून मॅरिनेट करून विकायचं डोक्यात असेल तर तेही करपात्र, पण त्यालासुद्धा मालाची वर्षाची उलाढाल 40 लाखाच्या आत असली तर साधारणपणे नोंदणी सक्तीची नाही. तुमच्या 200 कोंबड्या त्या आकड्याच्या जवळपास पण नाहीत.

आता इन्कम टॅक्स. इथं गटातल्या त्या बाईंचं चुकतंय आणि हे मी दर आठवड्याला कुणाला तरी सांगत असतो. शेतीच्या उत्पन्नाला सूट आहे ती जमिनीत पिकवलेल्या मालाला. कोंबडीपालन, दूध, शेळी ह्याचं उत्पन्न आयकरात शेतीचं धरत नाहीत, ते धंद्याचं उत्पन्न. शेड सातबाऱ्यावर असलं, खाद्य घरच्या मक्याचं असलं तरी. हा केंद्राचा कायदा.

रानातला_पोरगा
पण साहेब पेपरला स्पष्ट आलं होतं की, पशुसंवर्धनाला शेतीचा दर्जा. आमच्या बार्शीत पेढे वाटले लोकांनी.

हिशोबनीस
आलं होतं, बरोबर. जुलै 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळानं पशुसंवर्धनाला कृषी समकक्ष दर्जा द्यायचा निर्णय घेतला. तो राज्याच्या हातातल्या गोष्टींसाठी आहे. 25 हजारापर्यंत मांसल पक्षी (म्हणजे ब्रॉयलर) असलेल्या पोल्ट्रीला शेतीच्या दरानं वीज, ग्रामपंचायतीचा कर राज्यभर एकसारखा, कर्जाच्या व्याजात सवलत, सोलरला अनुदान, असं त्यात आहे. राज्याचं मंत्रिमंडळ केंद्राचा इन्कम टॅक्स माफ करू शकत नाही. पेढे वाटा, पण रिटर्नमध्ये पोल्ट्रीचा नफा शेतीच्या रकान्यात टाकू नका, नोटीस आली की तेच पेढे कडू लागतात.

रानातला_पोरगा
म्हणजे माझा पाच हजार पक्ष्यांचा नफा टॅक्सेबल?? आमच्यात तर कुणीच भरत नाही.

हिशोबनीस
टॅक्सेबल म्हणजे टॅक्स भरावाच लागतो असं नाही, दोन्हीत फरक आहे. 2025-26 साठी नव्या पद्धतीत 4 लाखापर्यंत करच नाही आणि एकूण उत्पन्न 12 लाखाच्या आत असेल तर रिबेटमुळं कर शून्य होतो. सईताईंचं बघा, वर्षात सहा बॅच काढल्या, प्रत्येकीत अण्णा म्हणतात तसे 55-56 हजार आले, तर उलाढाल साधारण 3 लाख 35 हजार आणि नफा लाखाच्या आसपास. दुसरं उत्पन्न नसेल तर त्यांना एक रुपया कर नाही.

ज्यांना हिशोबाच्या वह्या ठेवायच्या नाहीत त्यांच्यासाठी अंदाजित नफ्याची सोय आहे, जुन्या कायद्यातलं 44एडी. उलाढालीच्या 8 टक्के नफा दाखवायचा, बँकेतून किंवा फोनपे-जीपेनं आलेल्या पैशावर 6 टक्के. 1 एप्रिल 2026 पासून 2025 चा नवा आयकर कायदा लागू, त्यात कलमांचे नंबर वेगळे, म्हणून नंबर पाठ करू नका, पद्धत लक्षात ठेवा.

आता खरा मुद्दा, जो ताईंनी विचारला नाही. मिस्टर झेडपीत आहेत ना? मग धंदा त्यांच्या नावावर अजिबात नको. सरकारी आणि झेडपी नोकराला परवानगीशिवाय खाजगी धंदा करता येत नाही, वर्तणूक नियमात बसत नाही. तुमच्या नावावर करा. पण पैसे त्यांनी घातले आणि नाव फक्त तुमचं असलं तर त्या भांडवलाच्या प्रमाणात नफा त्यांच्याच उत्पन्नात मिळवला जातो. बचत गटाचं कर्ज तुमच्या नावावर आहे, तुम्हीच फेडणार, तर तो प्रश्न येत नाही. म्हणून पिल्लांची, खाद्याची बिलं तुमच्या नावानं घ्या आणि पैसे तुमच्या खात्यातून द्या. विक्रीचा क्यूआर कोड पण मिस्टरांचा चिकटवू नका दारावर.

सई_मंद्रूप
अगंबाई. क्यूआर त्यांचाच लावणार होते.

बाळूअण्णा_मोहोळ
😂😂 वाचलं गुरुजी

रानातला_पोरगा
साहेब अजून एक. मी कंपनीच्या करारावर पक्षी घेतो, पिल्लं खाद्य औषध त्यांचं, शेड अन मजुरी आपली, किलोमागं पैसे मिळतात. मागच्या वर्षी प्रत्येक बॅचला पैसे कापून आले, विचारलं तर सुपरवायझर म्हणतो सगळ्यांचंच कापतंय. हे काय असतं?

हिशोबनीस
दोन वेगवेगळ्या कपाती असतात त्यात, पट्टी नीट बघा. एक टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापलेला आयकर, वैयक्तिक शेतकऱ्याला 1 टक्का, एका वेळी 30 हजाराच्या वर किंवा वर्षात लाखाच्या वर रक्कम गेली की कापतात. तो तुमच्या पॅनवर जमा होतो, आयकरच्या साइटवर 26एएस मध्ये दिसतो. तुमचा कर शून्य असेल तर रिटर्न भरून परत मिळतो, न भरणाऱ्यांचा तिथंच राहतो. पॅन दिलं नसेल तर 20 टक्के कापतात. दुसरी कपात मरतूक किंवा एफसीआर (किलो वजनामागं लागलेलं खाद्य) जास्त गेला म्हणून, ती कराराप्रमाणं, त्याचा सरकारशी संबंध नाही. करारपत्राची मराठी प्रत मागून घ्या.

रानातला_पोरगा
करार इंग्रजीत आहे अन तो पण त्यांच्याकडंच आहे 😑

अक्कलकोटकर
करारवाल्यांचं वेगळं रडगाणं, त्याला वेगळा धागा काढा राव. सईताईंच्या फूड लायसनचं कुणीच बोलंना. माझं असं ऐकलंय की घरी कोंबडी कापून विकली की डायरेक्ट गुन्हा.

दुकानदार_सातरस्ता
मी सांगतो, मी ते सगळं करून बसलोय. अन्न सुरक्षा कायदा 2006 चा. त्यात शेतकरी आणि त्याची जनावरं वगळलीत. म्हणजे तुम्ही पाळलेली कोंबडी जिवंत विकली, गिऱ्हाईकानं पिशवीत घालून नेली, तिथं फूडचा परवाना लागत नाही. सुरी लागली की तुम्ही खाद्यव्यवसायवाले झालात. मग नोंदणी पाहिजे. दिवसाला 50 पक्ष्यांपर्यंत कापत असाल तर साधी नोंदणी चालते, त्याच्यावर गेलात की राज्याचं लायसन. नोंदणी ऑनलाइन होते, फोसकॉस नावाची साइट आहे, मी काढली तेव्हा वर्षाला 100 रुपये फी होती. फोटो, आधार, जागेचा पुरावा. फी काहीच नाही, खरा खर्च मागून येतो. धुता येईल अशी फरशी, झाकणाची बादली, जाळी, पाण्याची टाकी, काम करणाऱ्या माणसाचा मेडिकल फिटनेस. घाण कुठं टाकणार हे तर पहिलं विचारतात. महापालिका हद्दीत असाल तर पालिकेचा परवाना वेगळा, गावात ग्रामपंचायतीचा ना हरकत.

माझा सल्ला विचाराल तर पहिल्या वर्षी जिवंतच विका. गिऱ्हाईक आपल्या पद्धतीनं कापून घेतं, हलालचा पण प्रश्न राहत नाही, पिसं आतडी तुमच्या अंगणात पडत नाहीत.

जुळे_सोलापूरची_निशा
जिवंत कोंबडी घेऊन मी फ्लॅटवर जाऊन काय करू? 🙄 कापून मिळाली तरच आम्ही मंद्रूपपर्यंत येणार. दोनशेतली निम्मी गिऱ्हाइकं शहरातली असतील तर जिवंतवर भागणार नाही.

दुकानदार_सातरस्ता
खरंय तुमचं. मग ताईंनी नोंदणी असलेल्या जवळच्या दुकानदाराशी बोलून घ्यावं, तो कापायचे 20-25 रुपये घेईल, गिऱ्हाईक तिथूनच घेऊन जाईल. आमच्याकडं बाहेरची कोंबडी आणून कापून नेणारे रोज असतात.

आणि किलोचा घोळ आधी समजावून सांगा लोकांना. जिवंत 2 किलोची कोंबडी कातडी काढून साफ केली की साधारण तेराशे ग्रॅम भरते. जिवंतचा 140 म्हणजे चिकनचा 215 पडला. दरवेळी एक तरी माणूस "तुम्ही सातशे ग्रॅम खाल्लं" म्हणून भांडतो.

बाळूअण्णा_मोहोळ
वजनावरून आठवलं. ताई त्ये पाय बांधून हुकाला लटकावायचं काम करू नका. पक्षी उलटा लटकला की पंख झापडतो, आकडा 1.9, 2.3, 2.0 असा नाचतो, गिऱ्हाईक कमी आकड्याला बोट लावतो, आपण जास्तीला. प्लॅस्टिकचं क्रेट घ्या, रिकामं क्रेट काट्यावर ठिवून शून्य करा, मग दोन-तीन पक्षी आत सोडा, वर गोणपाट टाका. अंधार झाला की गप बसतात, आकडा ठाम येतो. आन सकाळी खाद्य टाकायच्या आधी वजन करा. पोट भरलेली कोंबडी दिली की घरी जाऊन त्याला ती कमी भरती आन नाव आपलं जातं.

हिशोबनीस
काटा वैधमापनवाल्यांकडून शिक्का मारून घेतलेला पाहिजे, विक्रीसाठी वापरताय म्हणून. इलेक्ट्रॉनिक काट्याची तपासणी दर वर्षी. ऑनलाइन पाचशेला मिळणारा हातात धरायचा काटा घरात पिशवी मोजायला ठीक आहे, त्यावर धंदा करू नका.

सई_मंद्रूप
हे कुणीच सांगितलं नव्हतं. ग्रामपंचायतीचं काय मग? ग्रामसेवक म्हणाले शेडला कर लागेल, किती ते नंतर सांगतो.

अक्कलकोटकर
नंतर म्हणजे किती ते तोंड बघून ठरणार 😏

हिशोबनीस
शेडवर ग्रामपंचायतीचा मालमत्ता कर असतोच, आकारणी रजिस्टरला नोंद असते, उतारा मागून घ्या आणि पावतीशिवाय पैसे देऊ नका. आठवडी बाजारात बसून विकलं तर बाजार फीची पावती फाडतात, ती वेगळी, ती कायदेशीर आहे. आणि लाइट, घरच्या मीटरवर ब्रूडरचे, म्हणजे पिल्लांना ऊब द्यायचे, बल्ब पेटवले तर युनिट वाढून वरच्या स्लॅबमध्ये जाता. महावितरणच्या दरपत्रकात कृषी-इतर असा वर्ग आहे, पोल्ट्री त्यात येते. 200 पक्ष्यांसाठी वेगळं मीटर परवडत नाही, हजारच्या पुढं गेलात तर अर्ज करा.

प्रदूषण मंडळाची संमती 5 हजार पक्ष्यांच्या वर गेल्यावर लागते, ती आत्ता डोक्यात घेऊ नका. रानातला_पोरगा तुम्ही मात्र घ्या, पाचचे सहा हजार करायच्या आधी.

निवृत्त_पशुवैद्यक
सगळी चर्चा वाचली. टॅक्स शून्य आला आणि रोगाने शेड रिकामं झालं तर काय उपयोग, म्हणून थोडं माझं.

पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा (राणीखेत रोगाची लस) डोळ्यात थेंब, बाराव्या ते चौदाव्या दिवशी गंबोरो रोगाची लस, एकविसाव्याच्या आसपास लासोटा पुन्हा, पाण्यातून. लस बर्फाच्या डब्यातूनच आणायची. मंद्रूपपर्यंत मोटारसायकलच्या डिकीत तापून आलेली लस म्हणजे साधं पाणी. पाण्यातून देताना त्या दिवशी पाण्यात क्लोरीन, ब्लिचिंग काही नको, आधी तास-दोन तास पाणी काढून घ्यायचं म्हणजे सगळी पिल्लं एकदम पितात. 200 पिल्लांसाठी पण कुपी हजार डोसचीच फोडावी लागते बहुतेक वेळा, ते खर्चात धरा, शेजारी कुणी त्याच दिवशी देणार असेल तर वाटून घ्या.

दुसरं औषधांचं. खाद्याच्या दुकानात काउंटरवरचा पोरगा "हे टाका, वजन येतं" म्हणून पुडी देतो. कोलिस्टिन जुलै 2019 पासून कोंबडी, जनावरांना द्यायला बंदी आहे. बाकी कुठलंही अँटिबायोटिक दिलं तर लेबलवर जितके दिवस लिहिलेत तितके दिवस तो पक्षी विकायचा नाही. तुम्ही ओळखीच्या लोकांच्या लेकराबाळांना खायला देणार आहात. बॅचची एक वही ठेवा, पिल्लं कुठली, कधी आली, रोज किती मेली, काय औषध दिलं. उद्या कुणी पोट बिघडलं म्हणून आलं तर ती वहीच कामाला येते. हिशोबनीसांना पण तीच लागेल.

मेलेली कोंबडी कुत्र्यापुढे टाकायची नाही, ओढ्यात टाकायची नाही, स्वस्तात हॉटेलवाल्याला द्यायची तर मुळीच नाही, असे फिरणारे लोक आहेत. खड्डा, चुना, माती.

बाळूअण्णा_मोहोळ
डॉक्टर एक विचारतो, 200 एकदम टाकण्यापेक्षा 100 आता आन 100 तीन आठवड्यानं टाकली तर इक्री सोपी पडंल का न्हाई? दुकानदार म्हणले तसं उरणार न्हाईत.

निवृत्त_पशुवैद्यक
विक्रीला सोपी, रोगाला त्याहून सोपी. मोठ्या पक्ष्यांचे जंतू लहानांना लागतात, शेड कधीच पूर्ण रिकामं होत नाही, चुना मारता येत नाही. एका शेडमध्ये एकाच वयाचे पक्षी, सगळे विकल्यावर दोन आठवडे रिकामं. वेगळ्या वयाचे ठेवायचेच तर शेड वेगळं, चप्पल वेगळी, आणि रोज आधी लहानांकडे जायचं मग मोठ्यांकडे.

दुकानदार_सातरस्ता
डॉक्टरांचं पुस्तकात बरोबर आहे पण 200 वाल्यानं दोन आठवडे रिकामं ठेवलं तर वर्षात सहा बॅच बसतात तरी त्यातल्या उन्हाळा-श्रावण सोडून चारच हातात येतात. चारच धरून हिशोब करावा, सहाचा नको.

सई_मंद्रूप
चार धरले तर वर्षाला साठ-पासष्ट हजार. त्यात कर्जाचा हप्ता. म्हणजे महिन्याला चार-पाच हजार घरात येणार, बरोबर ना?

बाळूअण्णा_मोहोळ
एखादी बॅच तोट्यात गेली न्हाई तर. 2020 च्या मार्चात आठवतंय का, कोंबडीनं कोरोना होतो म्हणून अफवा उठली, रेट असा पडला की लोकांनी फुकट वाटल्या. जानेवारी 2021 ला परभणीत मुरुंब्यात बर्ड फ्लू निघाला, रोग तिकडं आन इकडं मोहोळात गिऱ्हाईक तोंड फिरवायलं. म्हणून एका बॅचचं खाद्य-पिल्लांचं पैसं बाजूला असल्याबिगर दुसरी बॅच टाकू नका. उधारीवर खाद्य घेतलं की खाद्यवालाच मालक होतो.

निवृत्त_पशुवैद्यक
बर्ड फ्लू निघालेल्या जागेपासून एक किलोमीटरच्या आतल्या सगळ्या कोंबड्या शासन मारतं, तुमच्या निरोगी असल्या तरी. दहा किलोमीटरपर्यंत निगराणी. भरपाई शासनाने मारलेल्या पक्ष्यांची मिळते, आधीच मेलेल्यांची नाही. म्हणून अचानक मरतूक दिसली की लपवायचं नाही, पशुवैद्यकीय दवाखान्यात लगेच कळवायचं.

अक्कलकोटकर
अनुदानाचं पण सांगा की कुणीतरी. एवढं सगळं शासन शासन चाललंय.

निवृत्त_पशुवैद्यक
राज्याच्या नाविन्यपूर्ण योजनेत हजार मांसल पक्ष्यांचा गट आहे, शेड आणि भांड्यांसाठी 2 लाख 25 हजार प्रकल्प खर्च धरलेला. सर्वसाधारण गटाला 50 टक्के म्हणजे 1,12,500, अनुसूचित जाती-जमातीला 75 टक्के म्हणजे 1,68,750. अर्ज एएच-महाबीएमएस वर ऑनलाइन, निवड होते, प्रतीक्षा यादी असते. 200 पक्ष्यांना त्यात काही नाही. केंद्राच्या राष्ट्रीय पशुधन अभियानात 25 लाखापर्यंत अनुदान आहे ते देशी कोंबड्यांच्या पैदास आणि हॅचरीला, ब्रॉयलरवाल्याला नाही. एजंट "मिळवून देतो" म्हणून पैसे घेतात, सावध राहा.

हिशोबनीस
त्यापेक्षा किसान क्रेडिट कार्ड बघा, 2018-19 पासून पोल्ट्रीच्या खेळत्या भांडवलाला पण मिळतं. दोन लाखापर्यंत 7 टक्के आणि वेळेत फेडलं तर 3 टक्के सूट, 4 नं पडतं. बचत गटाच्या व्याजाशी तुलना करून बघा. बँकवाले पहिल्या फेरीत नाही म्हणतील, पशुसंवर्धनाचा केसीसी असा शब्द वापरून मागा.

सई_मंद्रूप
सगळ्यांचे आभार, रात्री मिस्टरांना सगळं वाचून दाखवलं, क्यूआरवरून थोडं भांडण पण झालं 😄 आमचं असं ठरलं, 200 ऐवजी 120 टाकायची, नावं आधी लिहून घ्यायची, जिवंतच द्यायची, शहरातल्यांसाठी आसरा चौकाच्या बाजूला एका ओळखीच्या दुकानदाराशी बोलते कापून द्यायचं. बिलं आणि खातं माझ्या नावावर. निशाताई तुमचं नाव लिहू का?

जुळे_सोलापूरची_निशा
लिहा की, दोन. पण दोन किलोच्या आतली हं.

बाळूअण्णा_मोहोळ
120 ला खाद्य साडेआठ पोती लागंल, नऊ आणा. पिल्लू आणाल त्या दिवशी तूस आधी उन्हात वाळवून तीन इंच पसरा, वर पेपर, बल्ब दोन तास आधी चालू. पिल्लं बल्बखाली गठ्ठा करून बसली तर गारठलीत, बल्ब खाली घ्या. लांब कडंला पळून चोच वासून बसली तर तापलीत, वर घ्या. सगळीकडं पसरून चिवचिव करत खायलीत तर तुम्ही झोपा.

रानातला_पोरगा
ताई खत फेकून देऊ नका, शेडमधलं लिटर (विष्ठा मिसळलेलं तूस) ऊसवाले पोत्यावर घेऊन जातात. 120 ची तीन-चार पोती निघतील, तुसाचा खर्च निघून जातो.

सई_मंद्रूप
हो, आमचाच दीड एकर ऊस आहे, तिकडंच टाकणार. डॉक्टर, लस मंद्रूपच्या दवाखान्यात मिळंल का सोलापुरातून आणू?

निवृत्त_पशुवैद्यक
आधी फोन करून विचारा, साठा असेलच असं नाही. सोलापुरातून आणलीत तर सकाळी लवकर, थर्मासमध्ये बर्फ घालून, आणि दुकानात कुपीवरची मुदत बघून घ्या.